मॉन्सूनचा आस

भारतीय उपखंडावर जून ते सप्टेंबर या काळात आडवा पसरणारा कमी दाबाचा लांबट पट्टा. हवामानशास्त्राच्या ग्रंथांत यास मोसमी द्रोणी म्हणतात. समुद्रसपाटीवर त्याची सरासरी रेषा राजस्थानातील गंगानगरपासून प्रयागराजवरून कोलकात्याकडे व पुढे बंगालच्या उपसागराच्या शिरोभागात जाते. रेषेच्या दक्षिणेस वारे पश्चिमेकडून, तर उत्तरेस पूर्वेकडून वाहतात. पट्टा उंचीनुसार दक्षिणेकडे कलत जातो व सुमारे ६ किमी. उंचीपर्यंत ओळखता येतो. या कलामुळेच सर्वाधिक पाऊस जमिनीलगतच्या रेषेवर न पडता तिच्या दक्षिणेस पडतो.

पट्ट्याच्या उत्पत्तीबाबत मतभेद आहेत. एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये मोसमी वाऱ्यांचे मूळ जमीन व समुद्र यांच्या कमीअधिक तापण्यात शोधले. जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्ये व्यापारी वाऱ्यांच्या विवेचनात पृथ्वीच्या परिवलनाचा विचार आणला. शालेय पुस्तकांत आजही प्रामुख्याने हॅली यांचेच स्पष्टीकरण आढळते. दुसऱ्या मतानुसार, दोन्ही गोलार्धांतील व्यापारी वारे जेथे एकत्र येतात तो आंतर-उष्ण कटिबंधीय अभिसरण पट्टा उन्हाळ्यात उत्तरेस सरकतो आणि मॉन्सूनचा आस हे त्याचेच भूमीवरील रूप होय. डी. आर. सिक्का व सुलोचना गाडगीळ यांनी १९८० मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे दाखवले की, विषुववृत्तालगत तयार होणारे ढगांचे पट्टे साधारणतः दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकतात व मुख्य पट्ट्याला बळ देतात.

पहिल्या मतापुढे एक अडचण आहे. मध्य भारतातील जमीन मे महिन्यात सर्वाधिक तापते, पण पावसाचा भर जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे जमीन निवल्यावर असतो. अवर्षणाच्या वर्षी तर ती नेहमीपेक्षा अधिक तापलेली आढळते. त्यामुळे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. पट्ट्याचे पश्चिम टोक मात्र पाकिस्तान–राजस्थानवरील उष्णताजन्य न्यूनदाब क्षेत्रात मिसळते. तेथे दाब सर्वांत कमी असूनही पाऊस अल्प पडतो, कारण वरच्या थरांतील कोरडी, खाली बसणारी हवा ढग वाढू देत नाही. तिबेटच्या पठाराच्या तापण्याला पूर्वी दिले जाणारे महत्त्वही २०१० नंतर वादात सापडले आहे. बूस व क्वांग यांच्या मते उत्तरेकडील थंड, कोरडी हवा अडवणारी हिमालयाची भिंत अधिक निर्णायक ठरते.

पट्ट्याला बाष्प पुरवणाऱ्या प्रवाहाचा उगम दक्षिण गोलार्धात, मादागास्करच्या पूर्वेकडील मास्करीन जादा दाबाच्या क्षेत्रात आहे. तेथून निघालेले वारे आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडतात, वळतात व नैर्ऋत्येकडून अरबी समुद्रावर येतात. सोमालियाजवळच्या सुमारे दीड किमी. उंचीवरील वेगवान झोताचे वर्णन फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये केले.

आस सरासरी जागेच्या दक्षिणेस असला की मध्य भारतात व विदर्भात जोरदार पाऊस होतो. उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे त्याच्याच वाटेने वायव्येकडे सरकतात आणि त्यांचा मुख्य पाऊस बहुधा केंद्राच्या नैर्ऋत्येस पडतो. आस हिमालयाच्या पायथ्याशी गेला की देशाच्या बहुतांश भागात पाऊस ओढ देतो. पायथ्याच्या प्रदेशात मात्र अतिवृष्टी व पूर येतात. पावसाच्या अशा खंडाची व्याख्या एकच नाही. राममूर्ती यांनी ती आसाच्या स्थानावरून केली, तर अलीकडे मध्य भारतातील पावसाच्या तुटीवरून करण्याकडे कल आहे व शेतीच्या दृष्टीने तीच उपयुक्त होय. ऑगस्ट २०२३ मध्ये देशात सरासरीपेक्षा सुमारे ३६ टक्के कमी पाऊस झाला. १९०१ नंतरचा हा सर्वांत कोरडा ऑगस्ट. त्याच महिन्यात हिमाचल प्रदेशात दरडी कोसळल्या.

कोकणचा पाऊस या आसापेक्षा किनारपट्टीलगतच्या कमी दाबाच्या पट्ट्याशी व सह्याद्रीने अडवलेल्या वाऱ्यांशी अधिक निगडित आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक, तर घाटाखालच्या वाईला त्याच्या लहानशा अंशाएवढाच पाऊस पडतो. मोठ्या वाऱ्यांवरून एखाद्या ठिकाणचा पाऊस ठरवण्याला मर्यादाही आहेत : २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईतील सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातील कुलाब्याला ७५ मिमी.हून कमी.