पेअरिंग (वर्तनोपचार)

वर्तनोपचाराच्या प्रारंभी उपचारकाचा सहवासच लहान मुलाला हवासा वाटावा, यासाठी त्याच्या आवडीचा खाऊ, खेळणी आणि खेळ उपचारकाच्या हातून, शिकण्याची कोणतीही अट न घालता, वारंवार देण्याची पद्धत. स्वमग्न मुलांच्या उपचारात ती विशेष रूढ आहे.

पद्धतीमागील यंत्रणेविषयी मतभेद आहेत. पाव्हलॉव्हप्रणीत अभिजात अभिसंधानानुसार (दोन गोष्टी वारंवार सोबत आल्याने एकीचा परिणाम दुसरीला चिकटणे) उपचारकाचा चेहरा किंवा आवाज हा आरंभी तटस्थ उद्दीपक, म्हणजे मुलावर विशेष परिणाम न करणारी गोष्ट असतो. प्रबलकासोबत, म्हणजे ज्याच्यासाठी मूल एखादी कृती पुन्हा करते अशा खाऊ-खेळण्यासोबत, तो पुनःपुन्हा आला की त्यालाच प्रबलनमूल्य येते. केलर आणि शोनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५० मध्ये वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते नुसते सोबत येणे पुरत नाही. ज्याच्या उपस्थितीत काही कृती केल्यास प्रबलन मिळते, असा भेददर्शक उद्दीपकच पुढे अर्जित (अनुभवातून बनलेला) प्रबलक बनतो. हॉल्थ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मुलांवर दोन्ही रीतींची तुलना केली, तिचा कल केलर-शोनफेल्ड यांच्या बाजूला आहे. प्रत्यक्ष कामात दोन्ही रीती एकमेकींत मिसळलेल्या असतात. तरी वस्तू मुलापुढे नुसती ठेवून देण्यापेक्षा, त्याने एक पाऊल पुढे यावे किंवा हात पुढे करावा आणि मगच ती मिळावी, ही मांडणी अधिक भरवशाची मानावी लागते. वर्तनविश्लेषक मायकेल यांनी १९८२ मध्ये प्रेरक स्थितीची (एखादी गोष्ट त्या वेळी किती हवीशी वाटते हे ठरवणाऱ्या स्थितीची) केलेली चिकित्साही येथे महत्त्वाची आहे : पोट भरलेल्या मुलाला खाऊ प्रबलक ठरत नाही. पेअरिंगचे आजचे रूप साधारणतः १९९० च्या दशकात, वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या १९५७ मधील भाषिक वर्तनाच्या विश्लेषणावर आधारलेल्या उपचारपरंपरेत घडले असावे. संडबर्ग व पार्टिंग्टन यांच्या १९९८ मधील मांडणीने त्याला प्रसार मिळाला. लुगो आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याची सात कौशल्ये निश्चित केली : जवळ असणे, कौतुक करणे, मुलाचे उद्गार परत म्हणणे, त्याच्या खेळाचे अनुकरण, तो करतो त्याचे वर्णन, वस्तू आपणहून देऊ करणे आणि नवा खेळ निर्माण करणे.

कृतीत क्रमाला फार महत्त्व आहे. आधी माणूस, मग वस्तू. उपचारक मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला बसतो, नाव घेतो किंवा ठरावीक आनंदी उद्गार काढतो आणि लगेच, सेकंदभरात, वस्तू देतो. वस्तू आधी आणि आवाज नंतर असे झाल्यास मुलाचे लक्ष वस्तूतच गुंतते आणि आवाज वाया जातो. खाऊचा तुकडा हरभऱ्याएवढा असावा : केळ्याचा वेफर द्यायचा तर मोडून, म्हणजे एका वेफरच्या पाच-सहा वेळा होतात. पाच वर्षांखालील मुलाला अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. आवडती खेळणी झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवावीत : दिसतात, पण उघडायला माणूस लागतो. साबणाचे फुगे, झोका, गुदगुल्या ही साधने अधिक चांगली, कारण त्यांतील मजा माणसाशिवाय पुरी होत नाही.

बिघाड बहुधा प्रश्नांपासून सुरू होतो. ‘हे काय आहे? रंग कोणता?’ हे मोठ्यांना खेळातले बोलणे वाटते. मुलासाठी ती मागणीच असते. दुसरी चूक म्हणजे मूल रमले की खेळणे काढून घेऊन ‘चल, आता अभ्यास’ म्हणणे. तेव्हा उपचारकाचे जवळ येणे हेच आनंद संपल्याची खूण ठरते आणि मूल त्याला पाहताच खेळणे घेऊन कोपऱ्यात पळते. रडणे थांबवण्यासाठी खाऊ पुढे केला तर रडण्याचेच प्रबलन होते. म्हणून खाऊ मूल शांत असतानाच द्यावा. पाणी प्रबलक म्हणून रोखून ठेवणे सर्वस्वी त्याज्य आहे, आणि मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा तर अक्षम्य.

मूल आपणहून जवळ येते, हात धरून डब्याकडे नेते, उपचारक उठला की मागे येते, तेव्हा पहिली सूचना द्यावी. ती मुलाला हमखास जमणारी असावी आणि तिच्या आधी व नंतर विनाअट देणे चालूच राहावे. सूचना हळूहळू वाढवाव्यात. मूल दूर सरकू लागले तर पुन्हा मागे यावे. सत्रागणिक मूल किती वेळा आपणहून आले आणि किती वेळा दूर गेले, एवढ्या दोन आकड्यांची नोंद पुरते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची (मुलांच्या विकासातील अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रांची) योजना आहे. खानदेशात अशा सेवेपर्यंत पोहोचणेच मुलाला दमवते. अक्कलकुवा-धडगावकडून एसटीने नंदुरबारला आलेले मूल भुकेले आणि पेंगुळलेले असते. पहिली पंधरा मिनिटे पाणी, खाणे आणि विसावा यांतच जावीत. घरात अहिराणी, भिली किंवा पावरी ऐकणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतील ‘शाब्बास’ हा केवळ आवाज असतो. ‘आठे ये’ (अहिराणीत ‘इकडे ये’) अशा घरच्या शब्दांनी सुरुवात करून ‘शाब्बास’ खाऊशी वेगळा जोडावा लागतो. सातपुड्यातील कुटुंबे हंगामात मजुरीसाठी गुजरातकडे जातात, तेव्हा उपचार काही महिने तुटतो. परत आल्यावर आधीच्या सूचनांपासून सुरुवात करू नये. पेअरिंग पहिल्यापासून करावे, आणि माय किंवा आजीला डबा उघडण्याची व ‘आधी माणूस, मग वस्तू’ हा क्रम पाळण्याची रीत जाण्यापूर्वीच शिकवावी.