होम असिस्टंट: चार पद्धतींच्या दोन कशा उरल्या

घरातले दिवे, स्विच अशी स्मार्ट उपकरणं चालवणारं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर घरच्या यंत्रावर बसवायचं म्हणून शोधाशोध केली की दहा वर्षांतल्या सूचना एकाच ढिगात हाती लागतात. एक लेख पायथन या भाषेचं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करायला सांगतो (कोअर पद्धत), दुसरा प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं डॉकर (कंटेनर पद्धत), तिसरा डेबियन या लिनक्सवर सुपरवायझर (सुपरवाइज्ड पद्धत), चौथा सरळ मेमरी कार्डावर तयार सिस्टिमची इमेज लिहायला (ओएस पद्धत). यातल्या दोन पद्धती आता अधिकृतपणे बाद आहेत. चारही पद्धतींत चालणारा मूळ प्रोग्रॅम एकच. त्याच्याखालची ऑपरेटिंग सिस्टिम, पायथन आणि लायब्रऱ्या कोणी सांभाळायच्या, यावर मात्र वर्षानुवर्षं ओढाताण झाली.

पाउलस स्काउटसेन यांनी 2013 मध्ये हा प्रकल्प सुरू केला तेव्हा तो पायथनमध्ये लिहिलेला साधा प्रोग्रॅम होता. पायथनच्या पिप या साधनाने बसवायचा, चालू करायचा आणि ब्राउझरमध्ये 8123 या पोर्टवर उघडायचा. बसवणं सोपं होतं, त्रास पुढे व्हायचा. होम असिस्टंट दर महिन्याला नवी आवृत्ती काढतं आणि पायथनच्याही नव्या आवृत्तीची अपेक्षा धरतं; डेबियन मात्र दोन-दोन वर्षं पायथनची तीच आवृत्ती ठेवतं. डेबियनच्या बस्टर आवृत्तीबरोबर पायथन 3.7 येत असे आणि 2021 च्या सुरुवातीला होम असिस्टंटने 3.7 सोडून दिलं. मग पायथन स्वतः कंपाइल करायचं, एन्व्हायर्न्मेंट नव्याने उभारायचं. एखाद्या लायब्ररीची आधीच बांधलेली फाइल (व्हील) मिळाली नाही, तर ती बांधून होईपर्यंत रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक तासन्‌तास अडकून पडायचा.

यावर 2016 मध्ये हॅसबियन आलं. रास्पबियन या रास्पबेरी पायसाठीच्या डेबियनची इमेज आणि तिच्यात होम असिस्टंट आधीच बसवलेलं. पहिला दिवस सुखाचा जायचा. पण खाली रास्पबियनच असल्यामुळे पायथनची कटकट पुढे ढकलली गेली, एवढंच.

खरी कलाटणी जुलै 2017 मध्ये मिळाली. पास्कल विझेली यांच्या कामातून हॅस.आयओ जाहीर झालं. होम असिस्टंट डॉकर कंटेनरमध्ये गेलं आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारा सुपरवायझर आला. अपडेट, बॅकअप आणि ॲड-ऑन (जोडीला चालणारे जादा प्रोग्रॅम) ही कामं त्याच्याकडे गेली. उपकरणांचे निरोप पोचवणारा मॉस्किटो ब्रोकर एका बटणावर बसू लागला. खालची सिस्टिम आधी रेझिनओएस होती. 2018 मध्ये बिल्डरूटवर बांधलेली स्वतःची, नेटकी हॅसओएस आली. तिच्यात सिस्टिमचे दोन कप्पे असतात. नवी आवृत्ती रिकाम्या कप्प्यात लिहिली जाते आणि ती सुरू झालीच नाही तर यंत्र जुन्या कप्प्यातून उठतं. तुमचा डेटा तिसऱ्याच, वेगळ्या पार्टिशनवर. कोणी काही म्हणो, घरातल्या दिव्यांच्या स्विचसाठी हीच रचना योग्य होती.

जानेवारी 2020 मध्ये नावं बदलली. हॅस.आयओचं नुसतं होम असिस्टंट झालं आणि मूळ पायथन प्रोग्रॅमला कोअर म्हणू लागले. त्यामुळे 2020 पूर्वीच्या लेखातलं ‘होम असिस्टंट’ आणि आजचं यांत फरक आहे. सूचना पाळण्याआधी लेखाची तारीख बघावी.

सगळ्यात जास्त वाद सुपरवाइज्ड पद्धतीवर झाला. अनेकांना ॲड-ऑन हवे होते, पण आपलं लिनक्स सोडायचं नव्हतं. त्याच यंत्रावर फाइल सर्व्हर, मीडिया सर्व्हर असे. मग सुपरवायझर उबुंटू किंवा डेबियनवर चढवला जाई. सुपरवायझरला पूर्ण यंत्र आपलंच आहे असं वाटतं. डॉकरची आवृत्ती, नेटवर्कमॅनेजर, सिस्टिमडीची लॉग व्यवस्था या सगळ्यात त्याच्या अपेक्षा असतात. कंटेनर आपोआप अपडेट करणारा वॉचटावर शेजारी असला की दोघं एकाच कंटेनरवर हक्क सांगत. मे 2020 मध्ये ही पद्धत बंद करण्याची घोषणा झाली, वापरणाऱ्यांनी रान उठवलं आणि काही दिवसांतच घोषणा मागे घेतली गेली. पण अटी आल्या: फक्त डेबियनची चालू आवृत्ती, सोबत इतर सॉफ्टवेअर नको. म्हणजे ज्या मोकळीकीसाठी ही वाट धरली होती, तीच गेली. अट मोडली की सुपरवायझर ‘अनसपोर्टेड’ दाखवतो. ‘अनहेल्दी’ दाखवलं तर अपडेटही अडतात.

शेवटी मे 2025 मध्ये कोअर आणि सुपरवाइज्ड या दोन्ही पद्धती, तसंच 32 बिट यंत्रं वगळण्याचं जाहीर झालं आणि 2025.12 या आवृत्तीबरोबर त्यांचा आधार संपला. चालू असलेली यंत्रं त्यामुळे बंद पडत नाहीत. पण त्यांच्यातल्या बिघाडांची दखल आता घेतली जात नाही. इथे एक गफलत नेहमी होते. रास्पबेरी पाय 3 आणि 4 चे प्रोसेसर 64 बिटच आहेत, कार्डावरची सिस्टिम मात्र 32 बिट असू शकते. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, 64 बिट आणि बाकी सगळं 32 बिट असंही असतं, म्हणून नुसतं कर्नलचं नाव बघून निष्कर्ष काढू नये. 32 वरून 64 वर जागच्या जागी जाता येत नाही. बॅकअप घ्या, 64 बिट इमेज लिहा, बॅकअप परत भरा.

उरलेल्या दोनपैकी बहुतेकांसाठी होम असिस्टंट ओएस, म्हणजे पूर्वीचं हॅसओएस. रास्पबेरी पाय 4 किंवा 5, किमान 2 जीबी रॅम, 32 जीबीचं ए2 दर्जाचं कार्ड. पाय 4 ला 5 व्होल्ट 3 अँपिअरचा आणि पाय 5 ला 5 अँपिअरचा अधिकृत ॲडॅप्टर. मोबाइलचा चार्जर लावला की व्होल्टेज पडतं आणि कार्डावरचा डेटा बिघडतो. घडामोडींची नोंद ठेवणारा रेकॉर्डर दर काही सेकंदांनी डेटाबेसमध्ये लिहीत असल्यामुळे कार्ड झिजतं ते वेगळंच. जिथे वीज वरचेवर जाते तिथे एसएसडी आणि छोटा यूपीएस घेतलेला बरा. जुना मिनी पीसी मिळाला तर तो पायपेक्षा सरस; फक्त बायोसमध्ये यूईएफआय चालू आणि सिक्युअर बूट बंद हवं. प्रॉक्समॉक्स या सर्व्हर सिस्टिमवर व्हर्च्युअल मशीन करताना हीच अडचण वेगळ्या रूपात येते: ईएफआय डिस्कबरोबर आधीच भरलेल्या किल्ल्यांचा पर्याय टिकलेला राहिला तर मशीन ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणत थांबतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेटवर्क ब्रिज्ड ठेवा. नॅटवर ठेवलं तर घरातली उपकरणं आपोआप सापडत नाहीत.

कंटेनर पद्धत डॉकर रोज हाताळणाऱ्यांसाठी. हिच्यात सुपरवायझर नाही, म्हणून ॲड-ऑनही नाहीत. मॉस्किटो, झिगबीटूएमक्यूटीटी, मॅटर सर्व्हर हे सगळे वेगळे कंटेनर आणि त्यांची अपडेट तुमच्याकडे. लिनक्सवर होस्ट नेटवर्क द्यावंच लागतं. विंडोज किंवा मॅकवरचं डॉकर डेस्कटॉप आतल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं, त्यामुळे उपकरणं सापडत नाहीत आणि यूएसबी डोंगलही सहजी मिळत नाही. तिथे हा नाद सोडावा. झिगबी या बिनतारी जाळ्यातल्या उपकरणांशी बोलणारा यूएसबी डोंगल जोडताना ‘टीटीवाययूएसबी0’ असा क्रमांकाचा पत्ता देऊ नका, रीस्टार्टनंतर तो बदलू शकतो. ‘बाय-आयडी’ फोल्डरमधला पत्ता द्या.

बाद झालेल्या पद्धतीवरून ओएसवर जाताना बॅकअप फाइल यंत्राबाहेर काढा. 2025.1 पासून आपोआप होणारे बॅकअप सहसा एन्क्रिप्ट केलेले असतात, तेव्हा त्यांची किल्लीही उतरवून घ्या. ती जुन्या यंत्रातच राहिली तर बॅकअप असून नसल्यासारखा. नव्या यंत्राच्या पहिल्याच पडद्यावर बॅकअप भरण्याचा पर्याय येतो. नवं खातं उघडण्याआधी तोच निवडा. जुनं यंत्र बंद करून डोंगल नव्यावर हलवा, यूएसबी 3 च्या पोर्टजवळ 2.4 गिगाहर्ट्झवर अडथळा येतो म्हणून मीटरभर एक्स्टेंशन केबल लावा. तोच डोंगल असेल तर झिगबीची उपकरणं पुन्हा जोडावी लागत नाहीत.