ओटीपोटाच्या रेडिएशनमधलं खाणं-पिणं: 'लो रेसिड्यू'चा कागद आला कुठून

आईचं रेडिएशन सुरू झालं तेव्हा पहिल्याच दिवशी हातात एक कागद मिळाला होता, तो अजून माझ्याकडे आहे. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून अक्षरं पुसट झालेली, वर ठळक 'लो रेसिड्यू डाएट' (म्हणजे मळ कमी व्हावा असं खाणं), खाली दोन रकाने, डावीकडे 'चालेल' आणि उजवीकडे 'टाळा'. दूध दोन्ही रकान्यांत. डावीकडे 'दिवसाला दोन कप' आणि उजवीकडे 'दूध व दुधाचे पदार्थ'. आम्ही तेव्हा भांबावलो आणि घाबरून दूधच बंद केलं, मग भाज्या, मग फळं, मग सालीचं काहीही, आणि शेवटी शेवटी तर ती काय खात होती ते आता सांगवत नाही. हा कागद मुळात आला कुठून हे मी नंतर शोधत गेले, त्यातून जे समजलं ते इथे लिहितेय.

आतड्याला त्रास होतो हे काही नवीन कळलेलं नाही. क्ष-किरण सापडले 1895 मध्ये आणि 1897 मध्येच एका डॉक्टरने लिहून ठेवलं की या किरणांजवळ काम करणाऱ्या एका माणसाचं पोट सारखं बिघडायचं, आणि पोटापुढे शिशाचा आडोसा आल्यावर ते थांबलं. पण पुढची कित्येक वर्षं आतड्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही कारण आधी कातडीच भाजायची. जुन्या मशीनचे किरण खोल जायच्या आत वरच जाळायचे, त्यामुळे किती डोस द्यायचा हे कातडीच ठरवायची. 1951 मध्ये कोबाल्टची मशीन आली, त्याच दशकात लिनॅक (विजेवर जोरदार किरण तयार करणारी मशीन) आले, किरण खोलवर जायला लागले, कातडी बऱ्यापैकी वाचली आणि मग खरा पुढे आला तो आतड्याचा प्रश्न.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. लहान आतड्याचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं, त्याच्या नव्या पेशी खालच्या खळग्यांमध्ये तयार होतात आणि रेडिएशन नेमकं तिथेच घाव घालतं. जुन्या पेशी झडत राहतात, नव्या पुरेशा येत नाहीत. दूध पचवणारं लॅक्टेज अस्तराच्या टोकावर असतं, ते कमी पडतं. लहान आतड्याचा शेवटचा भाग पित्तातली आम्लं परत शोषून घेतो, ते नीट झालं नाही की ती आम्लं मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे पाणी सुटतं, म्हणजे पातळ जुलाब. म्हणून 'जुलाब' हा एकच शब्द असला तरी त्यामागे तीन-चार वेगळी कारणं असतात, आणि सगळ्यांना एकच पथ्य लावणं इथेच चुकायला सुरुवात होते.

आता मुख्य शब्द, 'रेसिड्यू'. याला मी जास्त जागा देतेय कारण सगळा गोंधळ याच्यातच आहे. रेसिड्यू म्हणजे पचन झाल्यावर जे उरतं ते, ज्याने मळ वाढतो ते. ऐकायला सोपं वाटतं, पण मोजायचं कसं? फायबर मोजता येतं, इतके ग्रॅम म्हणून लिहिता येतं. रेसिड्यूमध्ये फायबर आहेच पण न पचलेलं बाकीचं, आतड्यातून झडलेल्या पेशी, जंतू हे सगळं येतं, आणि ते ताटाकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. दुधात फायबर शून्य, तरी दूध 'रेसिड्यू वाढवतं' म्हणून यादीत बसलं आणि त्याला दोन कपांची मर्यादा लागली. माझ्या कागदावरचे ते दोन कप तिथून आले! आणि उजव्या रकान्यातलं 'दूध टाळा' आलं लॅक्टोजच्या, म्हणजे दुधातल्या साखरेच्या, भीतीतून, ती वेगळीच गोष्ट. दोन वेगळ्या काळातले दोन सल्ले कुणीतरी एकाच कागदावर चिकटवले आणि परत तपासून कुणी पाहिलंच नाही.

हे पथ्य मुळात रेडिएशनच्या पेशंटसाठी तयार झालेलंच नव्हतं. आतड्याच्या ऑपरेशनआधी, तपासणीआधी आतडं रिकामं राहावं म्हणून दोन-तीन दिवसांपुरतं ते वापरलं जायचं. साठच्या दशकात अंतराळवीरांनाही उड्डाणाआधी असंच खायला घालायचे, कारण उघड आहे, त्या एवढ्याशा यानात संडासची सोय नव्हती. थोड्या दिवसांसाठी, तब्येतीने ठणठणीत माणसासाठी ते ठीक. तेच पथ्य पाच-सहा आठवडे, रोज 1.8 ते 2 ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) असा डोस घेऊन आधीच थकलेल्या, वजन उतरत चाललेल्या माणसाला लावणं हा फार मोठा निर्णय होता, आणि तो घेतला गेला तो 'आतड्याला आराम द्या' एवढ्या एका तर्कावर. तर्क वाईट नव्हता. पण तो नीट तपासायला फार वर्षं लागली. शेवटी 2011 मध्ये एका मोठ्या देशातल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या मॅन्युअलमधून 'लो रेसिड्यू' हे पथ्यच काढून टाकलं, कारण रेसिड्यूची मोजता येईल अशी सर्वमान्य व्याख्याच नाही.

दरम्यान बाकीचे प्रयोग चालू होतेच. सत्तरीपासून एलिमेंटल डाएट, म्हणजे आधीच पचवून ठेवल्यासारखं पावडरचं अन्न. प्राण्यांमध्ये त्याने आतडं वाचताना दिसलं, म्हणून आशा होती, पण माणसांना ते गिळवेना, आणि 2008 मध्ये 50 पेशंटवर एक तृतीयांश जेवणाऐवजी ते देऊन पाहिलं तेव्हा फायदाच दिसला नाही. दुधाचं म्हणाल तर 1986 मध्येच 64 जणांचे तीन गट केले होते, एकाला नेहमीच्या जेवणासोबत 480 मिली दूध, एकाला लॅक्टोज कमी, एकाला तेवढंच दूध पण लॅक्टेज घालून, आणि जुलाबात फरक पडला नाही. 1986! आमच्या हातात तो कागद पडला त्याच्या कितीतरी वर्षं आधी. ज्याला दूध खरंच सोसत नाही त्याने घेऊ नये हे बरोबरच, पण सरसकट बंदीला आधार नव्हता. नव्वदीच्या सुरुवातीला 143 बायकांवर कमी फॅट कमी लॅक्टोजचं पथ्य करून पाहिलं तेव्हा जुलाब कमी झाले, त्यामुळे फॅटचा मुद्दा जोरात आला, पित्ताच्या आम्लांशी तो जुळतही होता (ती फॅट पचवायलाच लागतात), पण 2012 मध्ये 117 जणांवर कमी फॅट, नेहमीचं फॅट आणि बदललेलं फॅट (म्हणजे त्यातलं काही सहज पचणाऱ्या प्रकारातलं) असं तोलून पाहिलं तर तिघांत फरक नाही. सुक्राल्फेट या औषधाचंही तसंच झालं, आधी आशा, मग मोठ्या चाचणीत उलट त्रासच वाढलेला, आता ते प्रतिबंधासाठी देऊ नका असंच सांगतात.

आणि मग 2017 ची फायबरची चाचणी. 166 पेशंट, तीन गट: दिवसाला 10 ग्रॅमपर्यंत फायबर, 18 ग्रॅम किंवा जास्त, आणि तिसऱ्याला काहीच बदलायला सांगितलं नाही. (हे ग्रॅम मोजायची पद्धत पाकिटावरच्या फायबरपेक्षा वेगळी आहे, त्यामुळे आकडे थेट ताडून पाहू नका.) पोटाच्या तक्रारींचे गुण मोजले, जितके कमी तितका त्रास जास्त. प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळ्यात वाईट दिवसांमध्ये गटागटांत ठळक फरक निघाला नाही, संडासला किती वेळा जावं लागतं त्यातही नाही. पण ट्रीटमेंट संपताना जास्त फायबरवाल्यांचे गुण सरासरी 3.7 ने उतरले होते आणि नेहमीचं खाणाऱ्यांचे 10.8 ने. वर्षभराने जास्त फायबरवाले जवळपास मूळ जागी आले होते, नेहमीचं खाणारे 8.4 ने खालीच. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट: ऊर्जा, प्रोटीन, फॅट हे सगळं कमी झालं ते फक्त कमी फायबरच्या आणि नेहमीच्या गटात. यादीतून एकेक पदार्थ काढत गेलं की माणूस एकूणच कमी खातो, हे मी स्वयंपाकघरात उभं राहून पाहिलंय. आई ताट पुढे आलं की आधी विचारायची, "यातलं काय चालतं?" आणि मग अर्ध्यावर ठेवून द्यायची.

फायबरने असं का होतं याचा एक अंदाज असा की मोठ्या आतड्यातले जंतू फायबर आंबवून जी आम्लं बनवतात त्यावर आतड्याच्या पेशी पोसल्या जातात, पण त्या चाचणीत ही आम्लं मोजली तेव्हा गटांत फरक सापडला नाही, त्यामुळे अंदाज अंदाजच राहिला. शिवाय सगळं फायबर सारखं नसतं. इसबगोलसारखं पाणी धरून ठेवणारं वेगळं, भुसा-सालीतलं वेगळं. आणि ज्यांचं आतडं कुठे अरुंद झालंय त्यांना फायबर वाढवणं धोक्याचं ठरू शकतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. चाचणीने एवढंच दाखवलं की सगळ्यांचं फायबर सरसकट तोडायला आधार नाही. तरी कागद बदलत नाहीत. 'काहीतरी सांगायला हवं' म्हणून पथ्य सांगितलं जातं, आणि पेशंटला वाटतं की जुलाब झाले म्हणजे मीच काहीतरी चुकीचं खाल्लं. हा दोष त्या माणसाच्या माथी मारणं मला फार अन्यायाचं वाटतं, कारण त्रास कमी झाला तो बराचसा ताटामुळे नाही तर मशीनमुळे. किरणांचा आकार हवा तसा वळवता यायला लागला, मूत्राशय भरून ठेवून आतडं वर सरकवायला लागले. 2021 मध्ये आलेल्या एका चाचणीत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिएशन घेतलेल्या 300 बायका होत्या, तीन वर्षांनंतर आतड्याचा मध्यम ते तीव्र त्रास नव्या पद्धतीत 21.1 टक्के, जुन्यात 42.4 टक्के.

शेवटी अजून एक शब्द. 'रेडिएशन एन्टरायटिस', 'प्रॉक्टायटिस', म्हणजे आतड्याची, गुदाशयाची सूज. सुरुवातीच्या आठवड्यांत सूज असते हे खरं, पण वर्षभरानंतर जे राहतं ते सूज नसतं, रक्तपुरवठा कमी झालेला असतो आणि आतडं कडक, तंतुमय झालेलं असतं. सूज म्हटलं की सुजेचीच औषधं सुरू होतात. म्हणून 2010 च्या सुमाराला 'पेल्विक रेडिएशन डिसीज' हे नाव पुढे आलं, आणि 2013 मध्ये 218 पेशंटची चाचणी आली, ट्रीटमेंट संपून सहा महिने उलटले तरी पोट न सुधारलेले. काहींची पायरीपायरीने तपासणी केली, पित्ताची आम्लं, जंतूंची वाढ, जे सापडेल त्यावर उपचार, कधी पोटाच्या डॉक्टरांनी तर कधी ट्रेनिंग घेतलेल्या नर्सने. काहींना फक्त माहितीची छापील पुस्तिका दिली. तपासणीवाले दोन्ही गट जास्त सुधारले, नर्सच्या हाताखालचेही डॉक्टरांइतकेच. मागे राहिले ते पुस्तिकावाले.