भविष्यातील धोक्यांवरच्या लेखन स्पर्धा: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

या स्पर्धांत वीस-तीस वर्षांनंतरचे जग कल्पून त्यात आज नुकताच दिसू लागलेला एखादा धोका कथेतून किंवा लेखातून मांडायचा असतो. खोटा आवाज आणि चेहरा वापरून होणारी फसवणूक, औषधाला न जुमानणारी कीड, पन्नाशीकडे सरकणारे तापमान, शेतावरून फिरणारे आणि कोणाचे ते न कळणारे ड्रोन, असे विषय त्यात येतात. केवळ करमणूक म्हणून हे लेखन मागवले जात नाही. फ्रान्सच्या संरक्षण खात्याने तर पुढचे धोके कल्पण्यासाठी विज्ञानकथाकारांचा गट नेमणार असल्याचे २०१९ मध्ये जाहीर केले होते. मराठीत मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा जुनी आणि विश्वासाची आहे. बाकी स्पर्धा विद्यापीठे, महाविद्यालये, मासिके आणि संस्था त्या त्या वर्षी जाहीर करतात. प्रत्येकीचे नियम वेगळे असतात, म्हणून स्पर्धेचे मूळ पत्रक मिळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्रात निम्मे नियम कापलेले असतात.

पात्रता

वय, गट, भाषा आणि 'अप्रकाशित' ही अट, या चार गोष्टी आधी तपासा. वय कोणत्या तारखेला मोजायचे हे पत्रकात दिलेले असते. ती तारीख अर्जाच्या दिवसाची नसून बहुधा १ जानेवारी किंवा अंतिम मुदतीची असते. शालेय गटासाठी बोनाफाईड दाखला लागतो आणि विदर्भात इथेच गाडी अडते. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्याकडे उघडतात. मुदत ३० जून असेल तर दाखला एप्रिलमध्येच, सुट्टी लागण्याआधी घ्यावा. मे महिन्यात सही करायला मुख्याध्यापक गावात सापडतीलच असे नाही.

'अप्रकाशित' याचा अर्थ बहुतेक आयोजक कडक घेतात. फेसबुकवर टाकलेली, शाळेच्या हस्तलिखितात आलेली किंवा वाचनाचा व्हिडिओ करून चढवलेली कथाही त्यांच्या लेखी प्रकाशित ठरू शकते. शंका असेल तर आयोजकांना ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत असाल तर वर्तणूक नियम लागू होतात. कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या, म्हणजे बक्षीस घेताना अडचण येत नाही.

परदेशी स्पर्धांत इंग्रजीतच लिहावे लागते. अमेरिकी सरकारी विभागांच्या स्पर्धांत रोख बक्षीस बहुधा तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळते. इतरांचे लेखन घेतले गेले तरी हाती प्रमाणपत्र किंवा प्रसिद्धीच येते. मुदतीची वेळही त्यांच्या घड्याळाने असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेनऊ, त्यांच्या हिवाळ्यात साडेदहा.

कागदपत्रे

आधारची झेरॉक्स, वयाचा पुरावा, फोटो, स्वतःच्या सहीचे हमीपत्र आणि १८ वर्षांखालील स्पर्धकासाठी पालकांचे संमतीपत्र, एवढे साधारण सगळीकडे मागतात. अल्पवयीनाने केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून पालकांची सही नसलेला अर्ज बाद होतो. बँक पासबुकाचे पहिले पान आणि पॅन बहुतेक ठिकाणी निकालानंतर लागतात. तरी नावाचे स्पेलिंग आजच जुळवून पाहा. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी आणि पासबुकात वडिलांचे नाव गाळलेले, असा प्रकार गावोगाव आहे. बक्षिसाचा धनादेश त्याच कारणाने परत जातो. धनादेश तीन महिन्यांच्या आत वटवावा लागतो आणि नावदुरुस्तीला तेवढा वेळ सहज जातो.

हमीपत्रात हल्ली एक नवी ओळ असते: लेखनात कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली का? खरे तेच लिहा. काही स्पर्धांत शुद्धलेखन तपासायला परवानगी असते, मजकूर तयार करून घ्यायला नसते, तर काहींत पूर्ण बंदी असते. वहीतला कच्चा खर्डा फाडू नका. कोणी शंका घेतली तर खाडाखोड केलेली ती पानेच तुमच्या बाजूने बोलतात.

सही करण्याआधी हक्कांचे कलम वाचा

आमच्या मते अख्ख्या पत्रकात सर्वांत जपून वाचायचा भाग हाच आहे आणि तोच कोणी वाचत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार कथा लिहिली गेली की तिचा पहिला हक्क लेखकाचा. त्यासाठी नोंदणी लागत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. कराराची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतात. 'विजेत्या कथा संग्रहात छापण्याचा हक्क आयोजकांकडे राहील' ही ओळ रास्त आहे. 'आलेल्या सर्व प्रवेशिकांचे सर्व हक्क कायमस्वरूपी आयोजकांचे' असे असेल तर न जिंकताही कथा हातची जाते. अशा ठिकाणी आपली चांगली कथा पाठवू नये.

कथा तयार करताना

परीक्षक धोक्याची साखळी शोधतात: कशामुळे सुरू झाला, कोणाच्या लक्षात आला, कोणी दुर्लक्ष केले, शेवटी कोणाला भोगावे लागले. ही साखळी मांडायला परदेशात जायची गरज नाही. बोंडअळीला रोखण्यासाठी जनुक बदललेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले आणि पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. इथून एक पाऊल पुढे जा. २०४५ मध्ये फवारणी यंत्रच ठरवते, माणूस फक्त धुऱ्यावर (बांधावर) उभा असतो. चुकीचे औषध पडले तर जबाबदार कोण? अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यात गोडे पाणी कोणाच्या ताब्यात असेल? चंद्रपूरच्या उन्हात दुपारची मजुरीच बंद झाली तर रोजी कशी ठरेल? असे प्रश्न तुमच्याइतके जवळून कोणाला माहीत नाहीत. तरी बहुतेक जण न्यूयॉर्कवर उतरणारे परग्रहवासी लिहितात आणि पहिल्या चाळणीतच गळतात.

दोन मर्यादा पाळा. विष, स्फोटक किंवा फसवणुकीची कृती पायरीपायरीने लिहू नका, परिणाम दाखवा. आणि पुलगावचा दारूगोळा साठा किंवा भंडारा, भद्रावती, अंबाझरी इथल्या आयुध निर्माणी कथेत आणायच्या तर कल्पनेने आणा. घरातले कोणी तिथे कामाला असेल तर आतली रचना, पहारा, वेळा लिहू नका. शासकीय गुपिते कायदा १९२३ कथेलाही सूट देत नाही.

संवाद वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत चालतात, निवेदन मात्र सर्वांना कळेल असे ठेवा. गोंडी वाक्य घातले तर अर्थ त्याच परिच्छेदात उलगडू द्या. गोषवारा मागितला असेल तर त्यात शेवटही सांगायचा असतो. उत्सुकता ताणलेला गोषवारा निरुपयोगी.

टंकलेखन आणि पाठवणे

मजकूर युनिकोडमध्येच हवा. सेतू केंद्रात अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून देतात आणि तो आयोजकांच्या संगणकावर अगम्य अक्षरांत उघडतो. पीडीएफ केल्यावर ती दुसऱ्या मोबाईलवर उघडून जोडाक्षरे तपासा. मोबाईलवर बोलून टाइप केले तर विरामचिन्हे हाताने घालावी लागतात. शब्दसंख्या संगणक मोकळ्या जागांवरून मोजतो. 'घरा पासून', 'शेता मध्ये' असे तोडून लिहिले की प्रत्येक जागी एक शब्द वाढतो आणि २००० ची मर्यादा नकळत ओलांडली जाते.

नाव फक्त अर्जावर, कथेच्या पानावर कुठेही नाही. फाइलच्या नावात आणि फाइलच्या माहितीतही ते राहते, तेही काढा. परीक्षकाला लेखक कळू नये, हा यामागचा हेतू. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली आणि तिलाच पहिले बक्षीस मिळाले. टोपणनाव चालते, पण स्पर्धेने मागितले असेल तर अर्जावर खरे नाव द्यावेच लागते.

हस्तलिखित चालत असेल तर फुलस्केपच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून, पानांना क्रमांक देऊन लिहा. मूळ प्रत किंवा झेरॉक्स घरी ठेवा, कारण प्रवेशिका सहसा परत मिळत नाहीत. मुदत टपालाच्या शिक्क्याची की पोहोचण्याची, ते पाहा. गावच्या शाखा डाकघरातून थैली तालुक्याला जायची वेळ ठरलेली असते. ती चुकली की एक दिवस गेला. पोहोचण्याची मुदत असेल तर आठवडाभर हाताशी ठेवून स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा. ऑनलाइन अर्ज शेवटच्या दिवशी करू नका. त्या दिवशी वीजही जाते आणि सर्व्हरही.

प्रवेश शुल्क घेणाऱ्या स्पर्धा असतात, पण 'तुमची निवड झाली, आता छपाईचे पैसे भरा' असा फोन आला तर थांबा. बक्षीस जमा होण्यासाठी ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा.

निकाल लागेपर्यंत तीच कथा दिवाळी अंकाला देऊ नका. द्यायचीच असेल तर आधी आयोजकांना प्रवेशिका मागे घेत असल्याचे लेखी कळवा आणि त्यांचे उत्तर आल्यावरच संपादकाकडे पाठवा.