रिमोटला वायर कशाला?

अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीच्या समुद्रावर तरंगणाऱ्या टोकाखाली फिरणाऱ्या ‘आइसफिन’ रोबॉटचा व्हिडिओ भाच्याला दाखवला. त्याचा पहिला प्रश्न, "मामा, रिमोटवर चालतो ना, मग मागे वायर कशाला?"

मिठामुळे! समुद्राच्या पाण्यात मिठाचे विद्युतभारित आयन मोकळे असतात. रेडिओलहर आली की ते हलतात आणि तिची ऊर्जा खाऊन टाकतात. वायफाय काही सेंटिमीटरांतच विझतं, जीपीएसही मुकं. आवाज लांब जातो, पण त्यावरून थेट व्हिडिओ कसला पाठवताय! म्हणून ऑप्टिकल फायबर. वायरीविना फिरणारे रोबॉटही असतात. पण डोक्यावर बर्फाचं छत असताना बिघडले तर वर यायचे कुठून? ब्रिटनचा ऑटोसब-2 2005 साली अंटार्क्टिकातल्याच फिम्बुलच्या तरंगत्या बर्फाखाली असाच कायमचा अडकला.

आइसफिन साडेतीन मीटर लांब, रुंदी जेमतेम पोळपाटाएवढी. जानेवारी 2020 मध्ये गरम पाण्याने सुमारे 600 मीटर बर्फात भोक पाडून त्याला खाली सोडलं. आइसफिनच्या शास्त्रज्ञ ब्रिटनी श्मिट यांच्या चमूला दिसलेली गंमत घरी करून बघा. दोन ग्लास पाणी घ्या, एकात तीन-चार चमचे मीठ विरघळवा, दोन्हींत सारखे बर्फाचे खडे टाका. खाऱ्या पाण्यातला खडा जास्त टिकतो! साध्या पाण्यात वितळलेलं थंड पाणी तळाशी जातं आणि कोमट पाणी वर येऊन बर्फाला भिडतं. खाऱ्यात मात्र ते गोडं पाणी हलकं ठरतं, वरच तरंगतं, खड्याभोवती गोधडीसारखं. थ्वेट्सच्या सपाट तळाखालीही अशीच गोधडी होती. तिथे बर्फ वर्षाला 2 ते 5 मीटरच झिजत होता, अपेक्षेपेक्षा बराच कमी. पण भेगांच्या उभ्या भिंतींवर गोधडी टिकत नाही. पाणी वर निसटतं, खारं पाणी थेट बर्फाला भिडतं आणि झीज कितीतरी पट वाढते.

थ्वेट्सला ‘प्रलयाची हिमनदी’ म्हणत फिरणारे फॉरवर्ड यातलं काहीच सांगत नाहीत. थ्वेट्स पूर्ण गेली तर समुद्र सुमारे 65 सेंटिमीटर चढेल हे खरं, पण पुढच्या अमावास्येला नव्हे.

आपल्या चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनेही ‘प्रूव्ह’ नावाचा रोबॉट अंटार्क्टिकात उतरवला होता. भाच्याने त्याचा फोटो शोधून काढला. "यालाही वायर आहे," म्हणाला.