व्हाइट हाउसनंतरची चार दशकं : जिमी कार्टर आणि नारूविरुद्धची लढाई

अमेरिकेचे ३९वे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या आपल्या जन्मगावी वारले. वयाची शंभरी गाठणारे ते अमेरिकेचे पहिलेच माजी राष्ट्राध्यक्ष. ९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये त्यांचा शासकीय अंत्यविधी झाला. माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि कार्टर यांचे उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर माँडेल हे दोघे कार्टर यांच्या आधी गेले होते, पण दोघांनीही त्यांच्यासाठी श्रद्धांजलीपर भाषणं लिहून ठेवली होती. ती त्यांच्या मुलांनी वाचून दाखवली. १९७६ मध्ये फोर्ड यांना हरवूनच कार्टर सत्तेवर आले होते, हे लक्षात घेतलं की त्या भाषणाचं वजन कळतं.

कार्टर यांच्या चार वर्षांच्या कारकिर्दीचा हिशेब बहुतेकांना ठाऊक आहे. कॅम्प डेव्हिडला तेरा दिवस चाललेल्या वाटाघाटी आणि त्यातून मार्च १९७९ मध्ये झालेला इजिप्त-इस्रायल शांतता करार, पनामा कालव्याचे करार, ऊर्जा आणि शिक्षण ही दोन नवी खाती, अलास्कातल्या अफाट जंगल-जमिनीला दिलेलं संरक्षण. दुसऱ्या बाजूला महागाई, पेट्रोलपंपांवरच्या रांगा आणि तेहरानमध्ये ४४४ दिवस अडकलेले ५२ ओलीस. १९८० च्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांनी इलेक्टोरल कॉलेजच्या ४८९ विरुद्ध ४९ मतांनी त्यांचा धुव्वा उडवला.

भारताशी त्या काळात आलेला संबंधही कडू-गोड होता. जानेवारी १९७८ मध्ये कार्टर दिल्लीला आले, संसदेत बोलले, हरियाणातल्या दौलतपूर नसिराबादला गेले आणि त्या गावाचं नाव कार्टरपुरी झालं. त्याच दौऱ्यात मोरारजी देसाईंना थंड आणि रोखठोक पत्र लिहावं लागेल, असं ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना म्हणाले आणि ते चालू मायक्रोफोनवर टिपलं गेलं. वादाचं मूळ महाराष्ट्रात होतं, तारापूरला. १९६३ च्या करारानुसार तिथल्या अणुभट्ट्यांना अमेरिका समृद्ध युरेनियम पुरवत होती. १९७८ च्या नव्या अमेरिकी कायद्याने मात्र भारताने आपले सगळे अणुप्रकल्प आंतरराष्ट्रीय तपासणीसाठी खुले करावेत अशी अट घातली. पुढे १९८० मध्ये कार्टर यांनी स्वतःच तारापूरसाठी इंधन पाठवण्याच्या बाजूने जोर लावला आणि सेनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा निसटत्या मतांनी ते मंजूर झालं.

महाराष्ट्राशी त्यांच्या घराचं नातं याहून जुनं आणि जवळचं आहे. त्यांच्या आई लिलियन कार्टर पेशाने परिचारिका. वयाच्या ६८व्या वर्षी त्या पीस कोअर या परदेशात सेवेसाठी माणसं पाठवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या स्वयंसेवक झाल्या आणि १९६६ च्या अखेरीपासून १९६८ पर्यंत विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत कुटुंबनियोजनाचं आणि दवाखान्यातलं काम करत राहिल्या. २००६ मध्ये स्वतः कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन लोणावळ्याजवळ मळवलीच्या परिसरातल्या पाटण गावी आले. तिथे गरिबांसाठी घरं बांधणाऱ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या स्वयंसेवकांबरोबर १०० घरं उभारण्याच्या कामात दोघांनी हात घातला. तेव्हा कार्टर ८२ वर्षांचे होते.

या सगळ्याहून मोठं ठरतं ते नारूचं काम. खुर्ची गेल्यावर माणूस काय उभं करू शकतो, हे त्या कामाइतकं दुसऱ्या कशातून दिसत नाही. ते नीट कळायचं तर आधी हा रोग समजून घ्यावा लागतो. महाराष्ट्रात आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळांनी तो डोळ्यांनी पाहिलेला असेल. चाळिशीच्या आतल्यांना तो फक्त नावाने माहीत.

नारू हा कृमी आहे. त्याच्या सूक्ष्म अळ्या साचलेल्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या जेमतेम १ ते २ मिलिमीटरच्या पाणकिड्याच्या पोटात वाढतात. असं पाणी कुणी न गाळता प्यालं की जठरातल्या आम्लाने सायक्लॉप्स मरतो आणि अळ्या मोकळ्या होऊन आतड्याची भिंत भेदतात. नर-मादीचा संयोग झाला की नर मरतो. मादी मात्र शरीरात वर्षभर वाढत राहते. तिची लांबी ६० सेंटिमीटर ते १ मीटर भरते, जाडी शेवयाच्या काडीएवढी. वर्षभरात रोग्याला काहीच जाणवत नाही. मग एक दिवस, बहुधा घोट्याजवळ किंवा पावलावर, आग आग करणारा फोड येतो आणि एक ते तीन दिवसांत फुटून कृमीचं टोक बाहेर डोकावतं. आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवतो. नेमक्या त्याच क्षणी मादी लाखो अळ्या पाण्यात सोडते. तिथले सायक्लॉप्स त्या खातात, दोनेक आठवड्यांत अळ्या रोग देण्याजोग्या होतात आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

नारूने माणूस सहसा मरत नाही, म्हणून जगाने त्याकडे दुर्लक्ष केलं. पण कृमी बाहेर पडायला कित्येक आठवडे लागतात आणि तेवढे दिवस माणूस अंथरुणाला खिळतो. ते दिवस पुष्कळदा पेरणीचे किंवा काढणीचे असतात. शेत पडून राहतं, मूल शाळेला मुकतं. एकदा होऊन गेला म्हणून शरीरात प्रतिकारशक्ती येत नाही, दरवर्षी नव्याने होऊ शकतो. लस नाही, कृमी मारणारं औषध नाही. उपचार हजारो वर्षांपूर्वीचाच : बाहेर आलेलं टोक काडीला किंवा गॉजपट्टीला गुंडाळायचं आणि रोज काही सेंटिमीटर, कृमी जितका सहज येईल तितकाच, ओढायचा. आधी जखमेचा भाग बादलीतल्या पाण्यात बुडवून अळ्या तिथेच सोडू द्यायच्या आणि ते पाणी पाणवठ्यापासून दूर, कोरड्या जमिनीवर ओतायचं. घाई केली की कृमी तुटतो. तुटलेला भाग आत मागे सरकतो, भोवतीचं मांस सुजतं, पू होतो आणि कधी सांधा कायमचा आखडतो.

कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या अजेंड्यावर हे काहीच नव्हतं. १९८२ मध्ये त्यांनी अटलांटाच्या एमरी विद्यापीठाबरोबर कार्टर सेंटर सुरू केलं तेव्हा मुख्य कल्पना होती भांडणं मिटवण्याची. नारूची गाठ त्यांच्याशी घालून दिली ती व्हाइट हाउसमधले त्यांचे जुने सहकारी डॉ. पीटर बोर्न यांनी. आणि मोहिमेचा मेंदू ठरले डॉ. डोनाल्ड हॉपकिन्स. देवीच्या निर्मूलनात काम केलेल्या हॉपकिन्स यांना केव्हाचं वाटत होतं की माणसाच्या रोगांत देवीनंतर नारूचाच नंबर लागू शकतो. १९८६ मध्ये कार्टर सेंटरने मोहिमेची धुरा घेतली तेव्हा आफ्रिका आणि आशियातल्या २१ देशांत मिळून वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत होता. पहिली मदत पाकिस्तानला झाली. तिथला शेवटचा रुग्ण १९९३ मधला.

मार्च १९८८ मध्ये कार्टर घानातल्या एका गावात गेले. तिथे एक तरुणी छातीशी काहीतरी धरून उभी होती. कार्टर यांना वाटलं, कडेवर मूल असेल. जवळ गेल्यावर दिसलं की तिच्या सुजलेल्या स्तनातून नारू बाहेर येत होता. पुढे अनेक वर्षं ते हा प्रसंग सांगत राहिले. त्यानंतर त्यांनी जे केलं ते फक्त माजी राष्ट्राध्यक्षालाच जमण्यासारखं होतं. ज्या देशात नारू आहे त्या देशाच्या प्रमुखाला ते थेट भेटत आणि आकडे समोर ठेवत. माली आणि नायजेरियात तर त्यांनी तूरे आणि गोवन या माजी राष्ट्रप्रमुखांनाच मोहिमेत ओढलं. १९९५ मध्ये सुदानच्या यादवी युद्धात त्यांनी दोन्ही बाजूंकडून युद्धविराम मिळवला तो आरोग्य कर्मचाऱ्यांना गावांपर्यंत पोचता यावं म्हणून. जवळपास सहा महिने तो टिकला आणि त्या काळात गाळणी वाटली गेली, लसीकरणही झालं.

प्रत्यक्ष गावात करायची कामं चार. पहिलं, पाणी गाळणं. गाळणीचं कापड साधारण १०० मायक्रॉन छिद्रांचं, म्हणजे सायक्लॉप्स वर अडकतो आणि पाणी झटकन खाली जातं. नायलॉनचं असं कापड उद्योगांकडून देणगी म्हणून मिळालं. यात चुकतं ते साध्या गोष्टीत : कापड उलटं लावलं तर आदल्या वेळी वर अडकलेले सायक्लॉप्स धुऊन थेट माठात जातात. कापडाला छोटं भोक पडलं तरी सगळं फुकट. आणि घरी गाळून पिणारा माणूस शेतात, गुरांमागे, वाटेवर डबक्याला तोंड लावतो. त्यासाठी गळ्यात अडकवायच्या नळीच्या गाळण्या निघाल्या. टोकाला जाळी असलेली ही नळी पाण्यात धरून ओढून प्यायचं. सुदानमध्ये अशा लाखो नळ्या वाटल्या गेल्या.

दुसरं, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस हे औषध टाकणं. हे तेच 'अबेट', जे डेंग्यूच्या दिवसांत आपल्याकडे आरोग्य कर्मचारी पाण्याच्या टाक्यांत टाकतात. प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅम. २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी १ मीटर खोल तळ्यात २ लाख लिटर पाणी असतं. त्याला २०० ग्रॅम औषध, म्हणजे ५० टक्क्यांचं द्रावण ४०० मिलिलिटर लागतं. एवढ्या प्रमाणात पाणी पिण्याला सुरक्षित राहतं. दर चार आठवड्यांनी पुन्हा टाकावं लागतं, नाहीतर सायक्लॉप्सची नवी फळी तयार होते. खरी अडचण मोजमापाची. खोली एका काठावरून अंदाजाने धरली की हिशेब चुकतो. कमी पडलं तर सायक्लॉप्स जगतात, जास्त झालं तर वास येतो आणि लोक पुन्हा टाकू देत नाहीत. पावसाळ्यात तळं पसरलं की कालचं माप आज उपयोगाचं नसतं. वाहत्या पाण्यात तर त्याचा काही उपयोगच नाही. काही गावांनी तळं पवित्र म्हणून औषध टाकायलाच नकार दिला. तिथे गावातल्या वडीलधाऱ्यांची समजूत काढण्यात महिने गेले.

तिसरं, बोअरवेल आणि हातपंप. हा सगळ्यात पक्का उपाय, आणि सगळ्यात महागही. चौथं, रुग्णाला पाण्यापासून रोखणं, आणि मोहिमेचा कणा हाच. रुग्ण कृमी दिसण्याआधी किंवा दिसल्यापासून २४ तासांच्या आत सापडला पाहिजे, त्याने एकाही पाणवठ्यात पाय घातलेला नसावा, जखमेची मलमपट्टी व्हावी आणि वरिष्ठाने सात दिवसांत जाऊन खातरजमा करावी. एवढं सगळं झालं तरच तो रुग्ण 'रोखला' असं धरतात. यासाठी गावोगावी स्थानिक स्वयंसेवक लागतो, बाहेरून येणारा डॉक्टर नव्हे. एक रुग्ण निसटला तर त्याचा हिशेब पुढच्या वर्षी चुकवावा लागतो, कारण कृमी शरीरात वर्षभर लपून असतो.

भारताने नारू घालवला तो स्वतःच्या बळावर, आणि कार्टर यांचा गौरव करतानाही हे ठासून सांगायला हवं. राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्र, राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, आंध्र अशा राज्यांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण होते. आपल्याकडचं मोठं कारण होतं बारव. पायऱ्यांनी खाली उतरून, पाण्यात उभं राहून घागर भरायची पद्धत म्हणजे नारूला खुलं आमंत्रण. नारू फुटलेला पाय आणि प्यायचं पाणी तिथे एकत्र यायचे. म्हणून पायऱ्या बंद करून, कठडा बांधून वरून पाणी शेंदण्याची सोय करणं हे आपल्या कार्यक्रमाचं खास अंग ठरलं. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त ठरवलं.

आफ्रिकेतही आकडे झपाट्याने खाली आले. नायजेरियात शेवटचा रुग्ण २००८ मध्ये, घानात २०१० मध्ये. २००२ मध्ये कार्टर यांना शांततेचं नोबेल मिळालं. ऑगस्ट २०१५ मध्ये मेंदूपर्यंत पसरलेल्या कर्करोगाची बातमी त्यांनी स्वतः पत्रकारांना दिली, तेव्हा शेवटचा नारू आपल्याआधी मरावा अशी इच्छा बोलून दाखवली. त्या वर्षी जगभरात २२ रुग्ण होते. २०२३ मध्ये १४, २०२४ मध्ये १५. इच्छा थोडक्यात राहिली.

ती का राहिली याचं उत्तर चाडमध्ये आहे. तिथे दहा वर्षं एकही रुग्ण नव्हता आणि २०१० मध्ये नारू पुन्हा उगवला. २०१२ मध्ये तो कुत्र्यांमध्ये आढळला. तोवर नारूचं घर म्हणजे माणूस, हे मोहिमेचं गृहीतक होतं. शारी नदीकाठी मासेमारी चालते, साफ केलेल्या माशांची आतडी उघड्यावर पडतात, त्यांत नारूच्या अळ्या असू शकतात आणि कुत्री ती खातात. २०१९ मध्ये एकट्या चाडमध्ये १,९०० हून अधिक कुत्र्यांना नारू झाला. मग नवे नियम आले : आतडी पुरायची, मासे पूर्ण शिजवायचे, नारू दिसलेला कुत्रा कृमी निघेपर्यंत बांधून ठेवायचा. खबर देणाऱ्याला रोख बक्षीस मिळतं. कुत्रा बांधून ठेवणं ऐकायला सोपं वाटतं, पण राखणीच्या मोकाट कुत्र्याला आठवडेच्या आठवडे खायला घालून दावणीला ठेवणं गरीब घराला परवडत नाही. म्हणून साखळीही मोहिमेलाच द्यावी लागते. तरीही २०२४ मध्ये सगळ्या देशांत मिळून ६६४ प्राण्यांत संसर्ग नोंदला गेला.

आता नारूमुक्तीचं प्रमाणपत्र मिळायचे देश सहा उरले आहेत : चाड, दक्षिण सुदान, इथिओपिया, माली, अंगोला आणि सुदान. देशाला प्रमाणपत्र मिळवायचं तर सलग तीन वर्षं एकही संसर्ग नको, आणि तेवढा काळ प्रत्येक अफवेची चौकशी झाल्याची कागदोपत्री नोंद हवी. आता प्राणीही त्या हिशेबात धरले जातात. जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट २०३० आहे. त्यासाठी शेवटचा कृमी २०२७ च्या आसपास संपायला हवा. त्यात मोठे अडथळे आहेत माली आणि सुदानमधलं युद्ध, जिथे पाहणी करणारे पथक पोचूच शकत नाही, आणि चाडमधली कुत्री.