एचबी कमी आलंय? सीबीसीच्या बाकीच्या ओळी पण वाचा

"रक्त कमी आहे" असं डॉक्टर म्हणाले की घरात लगेच बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सुरू होतात, मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या येतात आणि सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या तपासणीचा, रिपोर्ट फाईलमधे जाऊन पडतो. सगळे बघतात ती एचबीची, म्हणजे हिमोग्लोबिनची ओळ, बायकांमधे १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली, पुरुषांमधे १३ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. पण तो झाला कशामुळे याचा पहिला अंदाज खालच्या एमसीव्ही, आरडीडब्ल्यू आणि आरबीसी काउंटवरून येतो, आणि तिकडे फारसं कोणी बघतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, नॉर्मल साधारण ८० ते १००. आरबीसी काउंट म्हणजे त्या पेशींची संख्या, आणि आरडीडब्ल्यू म्हणजे त्यांच्या आकारात किती फरक आहे ते. आता समजा दोन रिपोर्ट आहेत. एकात एचबी ८.४, एमसीव्ही ६८, आरबीसी काउंट ३.९. दुसऱ्यात एचबी १०.९, एमसीव्ही ६२, काउंट ५.८. दोन्हीकडे पेशी लहान, पण पहिल्यात त्या कमी पण आहेत आणि दुसऱ्यात भरपूर. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, संख्येने घटतात आणि एकसारख्या राहत नाहीत म्हणून आरडीडब्ल्यू वाढतो. थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक, सौम्य रक्तदोषात जन्मापासूनच हिमोग्लोबिनची एक साखळी कमी बनते, त्यामुळे पेशी लहान असतात पण बनतात खूप, आणि बऱ्याचदा एकाच मापाच्या. एमसीव्हीला काउंटने भागा, १३ च्या वर आलं तर लोहाकडे संशय, खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरकडे. पहिल्याचं १७ येतं, दुसऱ्याचं ११ च्या आत. हा फक्त अंदाज हं, पक्कं करायला फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा सांगणारी टेस्ट) आणि एचबी ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) लागतं. ए२ साधारण ३.५ टक्क्यांच्या वर म्हणजे थॅलेसेमिया मायनर, पण लोह खूप कमी असेल तर ए२ खोटं नॉर्मल दिसू शकतं. फेरिटिन पण तसंच, अंगात इन्फेक्शन किंवा जुनी सूज असली की ते वाढतं आणि लोहाची कमतरता झाकली जाते.

लोह कमी आहे हे कळलं तरी ते गेलं कुठे हा प्रश्न उरतोच. पाळीत जास्त रक्त जाणं हे कारण नेहमीचं, पण पुरुषात किंवा पाळी बंद झालेल्या बाईत लोह कमी निघालं तर अल्सर, मूळव्याध, आतड्याचा कॅन्सर हे तपासायलाच हवं, नुसत्या गोळ्या देऊन एचबी वाढलं म्हणून सोडून देऊ नका.

एमसीव्ही १०० च्या वर गेला तर बी१२ किंवा फोलेट या व्हिटॅमिनच्या कमतरतेचा विचार करायचा. स्मिअरमधे, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त मायक्रोस्कोपखाली बघितलं की, मोठ्या अंडाकृती पेशी दिसतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला पाच-सहा तुकडे. यातल्या फोलेटचा शोध आपल्या मुंबईशी जोडलेला आहे, १९२८ मधे ल्यूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर इथे आली, गिरणी कामगार गरोदर बायकांचा ॲनिमिया अभ्यासला आणि मार्माइट या यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवलं, त्यातला तो घटक पुढे फोलेट निघाला. मात्र बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर एचबी सुधारतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं, हातापायाला मुंग्या येत असतील तर हे आधी तपासा. शाकाहारी घरात लोह आणि बी१२ दोन्ही एकदम कमी असणं सहज शक्य आहे, तेव्हा लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी निघून एमसीव्ही नॉर्मल येतो, फक्त वाढलेला आरडीडब्ल्यू चुगली करतो.

सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या वाहकाचा, म्हणजे ज्याच्यात एकच सदोष जनुक आहे त्याचा सीबीसी मात्र अगदी नॉर्मल असू शकतो. विदर्भात, नंदुरबारकडे हा आजार बराच आहे, तिथे रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे का हे बघायला सोल्युबिलिटी टेस्ट करतात, थोडंसं रक्त आणि काही मिनिटं पुरतात. ती पॉझिटिव्ह आली तरी माणूस वाहक आहे की आजारी हे तिच्यातून कळत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी करावी लागते, आणि लग्नाआधी दोघांचीही झालेली असली तर उत्तम, कारण दोघं वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.